एफडी म्हणून विमा पॉलिसी गळ्यात मारली असेल तर ३० दिवसांत रद्द करून पैसे परत मिळवता येतात

बँकेत एफडी करायला जायचं आणि घरी आल्यावर कळायचं की दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी काढून दिलीये. आमच्या आईच्या बाबतीत हेच झालं, 'एफडीपेक्षा जास्त व्याज' म्हणून सही घेतली.

भांडत बसू नका, 'फ्री लुक' वापरा. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती रद्द करता येते. आधी १५ दिवस होते, २०२४ पासून ३० केलेत.

१. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेला नाही. बँकेतला माणूस 'बघतो, साहेब रजेवर आहेत' करत महिना घालवतो.

२. कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका, त्यात पॉलिसी नंबर, कागद मिळाल्याची तारीख, 'फ्री लुकमध्ये रद्द करा' एवढं एक वाक्य आणि सोबत कॅन्सल्ड चेकचा फोटो. शाखेत दिलात तर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

३. खात्यातला ऑटो डेबिट पण बंद करा, हे लोक विसरतात.

४. टाळाटाळ केली तर विमा नियामक आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार.

पैसे अगदी पूर्ण नाही येत, स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापतात.

आणि हो, पॉलिसी ईमेलवर पीडीएफ आली असेल तर दिवस तिथूनच मोजतात, पोस्टाची वाट बघत बसू नका, स्पॅम फोल्डर पण बघा.