मुरलेल्या शॉर्टस्टॉपचे घटलेले क्षेत्ररक्षण कसे ओळखावे आणि पुढे काय करावे

मराठवाड्यात सॉफ्टबॉलचा किंवा बेसबॉलचा खुल्या गटातील संघ चालवणाऱ्या प्रशिक्षकावर केव्हा ना केव्हा हा प्रसंग येतोच. संघातील सर्वांत नावाजलेला खेळाडू पंधरा-सतरा वर्षे शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या जागी, उभा असतो, लहान मुले त्याला पाहूनच मैदानावर आलेली असतात, त्याची बॅट अजून चालते आणि स्कोअरशीटवर त्याच्या नावापुढे चुकाही फारशा नसतात; तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून निसटणारे चेंडू हंगामागणिक वाढत असतात. अशा वेळी कुजबुज लगेच सुरू होते, पण तपासणी कोणी करत नाही. ही तपासणी कशी करावी, हे मी माझ्या अनुभवावरून आणि या खेळाच्या इतिहासात जे घडले आहे त्यावरून येथे मांडत आहे.

प्रथम चुकांच्या रकान्यावर विसंबणे सोडावे. जो चेंडू क्षेत्ररक्षकाने सहज बाद करायला हवा होता, तो त्याने सोडला किंवा वेडावाकडा फेकला, तरच चूक लिहिली जाते; ज्या चेंडूपर्यंत तो पोहोचलाच नाही, तो फलंदाजाच्या नावावर हिट, म्हणजे यशस्वी फटका, म्हणून जमा होतो. आता असे समजा की एक शॉर्टस्टॉप हंगामात १०० चेंडूंपर्यंत पोहोचला आणि त्यांपैकी २ त्याच्याकडून चुकले, तर दुसरा १२० चेंडूंपर्यंत पोहोचला आणि त्याच्याकडून ६ चुकले. टक्केवारी पाहिली तर पहिला ९८ टक्के आणि दुसरा ९५ टक्के. परंतु संघाला पहिल्याने ९८ फलंदाज बाद करून दिले आणि दुसऱ्याने ११४. पाय मंदावलेल्या खेळाडूच्या वाट्याला अवघड चेंडू येणेच कमी होते, त्यामुळे त्याची टक्केवारी वयाबरोबर सुधारल्यासारखीही दिसू शकते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकन बेसबॉल संघाचे शॉर्टस्टॉप डेरेक जीटर यांचे आहे. २०१० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांच्या नावावर केवळ ६ चुका होत्या, क्षेत्ररक्षणाची टक्केवारी .९८९, म्हणजे ९८.९ टक्के, होती आणि त्यांना उत्तम क्षेत्ररक्षणासाठीचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार कारकिर्दीत पाचव्यांदा मिळाला. त्या काळी हा पुरस्कार व्यवस्थापक आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरत असे. मात्र प्रत्येक फटक्याची जागा आणि वेग लक्षात घेऊन क्षेत्ररक्षण मोजणाऱ्यांचे गणित नेमके उलटे सांगत होते: त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे दुसऱ्या बेसच्या बाजूला जाणारे अनेक चेंडू इतर शॉर्टस्टॉप अडवत होते आणि जीटर यांच्याजवळून ते निघून जात होते. उजवीकडे खोलवर जाऊन उडी मारत हवेतूनच पहिल्या बेसवर केलेली त्यांची फेक इतकी देखणी होती की प्रेक्षकांच्या मनात तीच राहिली. न पोहोचलेला चेंडू डोळ्यांत भरत नाही, हीच या विषयातील खरी अडचण आहे, आणि म्हणून तो मोजावा लागतो.

मोजणीसाठी एक साधी वही पुरेशी आहे. प्रत्येक पानावर डायमंडची, म्हणजे चार बेसच्या चौकोनाची, आकृती काढावी आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) डावी-उजवीकडून दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मध्ये जमिनीलगत गेलेला प्रत्येक चेंडू, कोणी अडवो वा न अडवो, रेघेने दाखवावा. रेघेच्या टोकाशी चारांपैकी एक खूण करावी: पोहोचून बाद केले, पोहोचला पण फेक उशिरा गेली, पोहोचून चूक झाली, पोहोचलाच नाही. ही वही लिहिणारा माणूस होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे, शक्य असल्यास दोन-चार पायऱ्या उंच बसलेला असावा आणि त्याने तेवढेच काम करावे. धावफलकही त्याच्याकडे दिला तर चौथी खूण राहून जाते. त्या खेळाडूचा मित्र किंवा त्याच्या जागेवर डोळा असलेला तरुण, या दोघांनाही हे काम देऊ नये.

एवढ्याने अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे त्याच सामन्यात प्रतिस्पर्धी संघाच्या शॉर्टस्टॉपचीही तशीच नोंद ठेवणे, आणि हे टाळण्याचा मोह कितीही झाला तरी टाळू नये. आपल्याकडील बहुतेक मैदाने मुरमाची असतात आणि खाली काळी माती असते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरचा मुरूम सुटतो आणि खड्यावर आपटलेला चेंडू कोणत्याही वयाच्या खेळाडूला चकवतो. दोन्ही संघ एकाच मैदानावर, एकाच उन्हात खेळत असल्यामुळे ही तुलना मैदानाचा दोष खेळाडूच्या माथी मारू देत नाही. आपला पिचर कसा आहे हेही ध्यानात घ्यावे, कारण ज्याच्या चेंडूवर फलंदाज सतत पहिल्या बेसच्या बाजूलाच फटका मारतात, त्याच्या दिवशी शॉर्टस्टॉपची वही कोरीच राहणार. दोन-चार सामन्यांवरून काहीही ठरवू नये. पूर्ण हंगाम नोंदवावा आणि मगच बेरीज करावी.

हंगामाच्या नोंदींतून घट दिसली, तर ती पायांत आहे, हातात आहे की नजरेत, हे सरावाच्या वेळी वेगळे काढावे. ही चाचणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान सकाळी घ्यावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेलेला असतो, मैदान दगडासारखे कडक असते, आणि गावे टँकरच्या पाण्यावर दिवस काढत असताना चाचणीसाठी मैदानावर पाणी मारा असे सांगणे मला योग्य वाटत नाही. अंग पुरेसे मोकळे झाल्यावर खेळाडूला त्याच्या नेहमीच्या जागी उभे करावे, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर चुन्याच्या खुणा कराव्यात आणि एकाच हाताने, शक्य तितक्या एकसारख्या वेगाने वीस चेंडू डावीकडे व वीस उजवीकडे मारावेत. क्रम आधी सांगू नये. हे सगळे मोबाइलवर चित्रित करून नंतर हळू गतीने पाहावे आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: बॅटला चेंडू लागल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंतचा वेळ, पहिल्या पावलापासून चेंडूपर्यंतचा वेळ, आणि ग्लोव्हमध्ये चेंडू आल्यापासून तो पहिल्या बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ. तीच चाचणी संघातील एका तरुण खेळाडूचीही घ्यावी, म्हणजे आकड्यांना अर्थ येतो.

पहिले पाऊलच उशिरा पडत असेल, तर लगेच पायांना दोष देऊ नये. आधी डोळे तपासून घ्यावेत. आमच्या संघातील एका ज्येष्ठ खेळाडूचे पहिले पाऊल संध्याकाळच्या सामन्यांत फार उशिरा पडत असे, आणि चष्मा लागल्यावर त्यातील बराच फरक भरून निघाला. दुसरा वेळ वाढला असेल तर प्रश्न कंबर, मांड्या आणि घोट्यांचा आहे. डावी-उजवीकडे आडव्या हालचालीचा खास व्यायाम दिल्यास तो काही अंशी सुटतो. २००७ च्या हंगामानंतर जीटर यांनी याच आडव्या हालचालीवर मेहनत घेतली आणि २००९ मध्ये, पस्तिशीत, त्यांचे क्षेत्ररक्षण पूर्वीच्या काही वर्षांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. उतार थोपवता येतो याचा हा पुरावा आहे, मात्र तो कायमचा थांबत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांचा डावा घोटा मोडला, २०१३ मध्ये ते अवघे १७ सामने खेळू शकले आणि २०१४ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, निवृत्त होईपर्यंत ते शॉर्टस्टॉपच राहिले. २००४ मध्ये त्यांच्या संघात आलेले अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ त्याआधीची दोन्ही वर्षे गोल्ड ग्लोव्ह मिळवणारे शॉर्टस्टॉप होते, तरी जागा बदलून तिसऱ्या बेसवर गेले ते रॉड्रिगेझच. माझ्या मते त्या संघाने तेव्हा क्षेत्ररक्षणापेक्षा ज्येष्ठतेला अधिक वजन दिले.

वही मोजू शकत नाही असेही काही असते आणि ते नोंदवल्याशिवाय निर्णय करणे अन्यायाचे होईल. १३ ऑक्टोबर २००१ रोजी ऑकलंडविरुद्ध चुकीच्या दिशेने आलेली फेक पाहून जीटर शॉर्टस्टॉपची जागा सोडून पहिल्या बेसच्या रेषेपर्यंत धावले, त्यांनी तो चेंडू पकडून उलट्या हाताने कॅचरकडे (फलंदाजाच्या मागे बसणाऱ्या खेळाडूकडे) टाकला आणि धावपटू होम प्लेटवर बाद झाला. संघ तेव्हा एका धावेने पुढे होता. पायांचा वेग आटला तरी अशी जाण सहसा आटत नाही, आणि त्या जाणिवेचा उपयोग जागा बदलण्याआधी उभे राहण्याची जागा सुधारण्यासाठी करावा. बाल्टिमोरचे कॅल रिपकेन धिप्पाड होते, फार चपळ नव्हते, परंतु आपला पिचर काय टाकणार आणि समोरचा फलंदाज तो कोठे मारणार हे ओळखून ते आधीच दोन पावले सरकून उभे राहत. मुरलेल्या खेळाडूला कॅचरच्या खुणा दिसतील आणि समजतील अशी व्यवस्था करावी. त्याचा हात मजबूत असेल तर त्याला थोडे मागे उभे करावे, म्हणजे चेंडूपर्यंत जायला वेळ मिळतो. हात थकला असेल तर हा उपाय उलटतो, कारण चेंडू मिळतो पण फेक पोहोचेपर्यंत धावपटू बेसवर असतो.

हे सगळे करूनही आकडे हलले नाहीत, तर जागा बदलावी. पाय मंद पण हात आणि प्रतिक्रिया चांगली असेल तर बेसबॉलमध्ये तिसरा बेस योग्य ठरतो. रिपकेन १९९७ पासून तेथे नियमित खेळले आणि २००१ पर्यंत टिकले. सॉफ्टबॉलमध्ये मात्र मी हा सल्ला देणार नाही. तेथे दोन बेसमधले अंतर बेसबॉलच्या ९० फुटांऐवजी केवळ ६० फूट असते, बंटच्या, म्हणजे बॅटने चेंडू हलकेच जवळ टाकण्याच्या, भीतीने तिसऱ्या बेसचा खेळाडू फलंदाजाच्या अगदी जवळ येतो आणि अंगावर येणाऱ्या फटक्याला क्षणार्धात ग्लोव्ह लावावा लागतो. तेथे हात थकलेल्याला दुसरा बेस द्यावा, आणि पाय व हात दोन्ही थकले असतील तर पहिला. एर्नी बँक्स शॉर्टस्टॉप म्हणून १९५८ आणि १९५९ मध्ये लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले होते, तरी १९६२ पासून ते पहिल्या बेसवर खेळले. रॉबिन याउंट खांद्याच्या दुखण्यामुळे १९८५ मध्ये आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानात, गेले, आणि शॉर्टस्टॉप म्हणून १९८२ मध्ये मिळालेला तोच मान त्यांनी १९८९ मध्ये सेंटरफिल्डर म्हणून पुन्हा मिळवला. ही नावे त्या खेळाडूला जरूर सांगावीत, कारण जागा बदलणे म्हणजे संघातून काढणे नव्हे, हे आपल्या शब्दांपेक्षा या उदाहरणांवरून त्याला लवकर पटते.

सांगण्याच्या पद्धतीबाबत मी स्वतः मोठी चूक केली आहे. काही वर्षांपूर्वी एका सामन्याच्या सकाळी मी संघाची यादी वाचून दाखवली आणि शॉर्टस्टॉपला एकोणीस वर्षांच्या मुलाचे नाव घेतले. आमचे दादा, म्हणजे तोवरचे शॉर्टस्टॉप, काही बोलले नाहीत, पहिल्या बेसवर जाऊन उभे राहिले आणि पूर्ण सामना मनापासून खेळले. सामन्यानंतर सामान आवरताना ते म्हणाले, "सर, आधी सांगितलं असतं तर मीच त्या पोराला तिथं नेऊन उभं केलं असतं." ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. त्यामुळे हे बोलणे हंगाम संपल्यावर, त्यांच्या घरी जाऊन, एकट्याशी करावे. वही सोबत न्यावी आणि बेरजेऐवजी पाने दाखवावीत, कारण प्रत्येक रेघ त्यांना त्या त्या चेंडूची आठवण करून देते आणि बरेचदा निष्कर्ष ते स्वतःच काढतात. नवी जागा कोणती याचे दोन पर्याय ठेवावेत व निवड त्यांच्यावर सोपवावी. नव्या शॉर्टस्टॉपला उभे कोठे राहायचे हे शिकवण्याचे काम त्याच बैठकीत त्यांच्याकडे द्यावे आणि ते काम संघासमोर जाहीर करावे.

पुढच्या हंगामातही वही बंद करू नये. नव्या शॉर्टस्टॉपच्या नोंदी त्याच चार खुणांनी ठेवाव्यात आणि हंगामाच्या मध्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. तरुण मुलगा डावीकडचे चेंडू अडवत असूनही फेकी उशिरा जात असतील, तर दादांना त्याच्यासोबत आठवड्यातून दोन सकाळी केवळ फेकीचा सराव घ्यायला सांगावे.