साहित्याच्या वर्गातून अध्यक्षांच्या दालनापर्यंत : अमेरिकी कॉलेजांतील वाटचालीची तयारी

अमेरिकेत कॉलेजचा अध्यक्ष हा संस्थेचा मुख्य कार्यकारी अधिकारी असतो. त्याची नेमणूक विश्वस्त मंडळ करते आणि त्याला काढण्याचा अधिकारही त्याच मंडळाकडे असतो. साहित्याच्या प्राध्यापकाला हे पद फार लांबचे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. रेनेसाँसकालीन काव्याचे अभ्यासक बार्टलेट जियामाटी १९७८ मध्ये येल विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते.

पहिली काही वर्षे मात्र केवळ अभ्यासाला द्यावीत. साहाय्यक प्राध्यापकाच्या टेन्युअरचा, म्हणजे कायमस्वरूपी नेमणुकीचा, निर्णय साधारणपणे सहाव्या वर्षी होतो, आणि त्यात प्रकाशित संशोधनाला मोठे वजन असते. त्याआधी कार्यालयीन जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या, तर ग्रंथ अपुरा राहतो आणि पुढे प्राध्यापकवर्गासमोर बोलताना शब्दाला वजन उरत नाही.

टेन्युअर मिळाल्यावर विभागप्रमुख, डीन (विद्याशाखेचा प्रमुख) आणि प्रोव्होस्ट (संस्थेचा मुख्य शैक्षणिक अधिकारी) ही नेहमीची चढण असते, पण ती एकच वाट नव्हे. रूथ सिमन्स यांनी १९७३ मध्ये हार्वर्डमधून रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या फ्रेंचसारख्या, भाषांच्या साहित्यात डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर फ्रेंचचे अध्यापन आणि वेगवेगळ्या विद्यापीठांतील प्रशासकीय कामे करत त्या १९९५ मध्ये स्मिथ कॉलेजच्या आणि २००१ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. स्मिथ या स्त्रियांच्या कॉलेजात त्यांच्या कारकिर्दीत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू झाला, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते, कारण अध्यक्षाने आपल्या विषयापलीकडे पाहावे ते असे.

आता खरा अवघड भाग, म्हणजे पैसा. कवितेची एक ओळ आपण जशी पुन्हापुन्हा वाचतो, तसे अंदाजपत्रक वाचायला शिकावे. खासगी, नफा न कमावणाऱ्या कॉलेजांना दरवर्षी करखात्याकडे 'फॉर्म ९९०' भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. त्यात उत्पन्न, खर्च, मोठ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि कायम निधीची, म्हणजे देणग्यांतून साठवून गुंतवलेल्या रकमेची, माहिती असते. कायम निधी दहा कोटी डॉलर दिसला, म्हणजे तेवढे पैसे हाताशी आहेत असे समजू नये. दरवर्षी त्यातून साधारण चार-पाच टक्केच काढले जातात, म्हणजे चाळीस ते पन्नास लाख डॉलर, आणि त्यातलाही मोठा वाटा देणगीदाराने ठरवून दिलेल्या कामासाठीच वापरावा लागतो. दुसरी फसवी ओळ शुल्काची. जाहीर केलेल्या शुल्कातून कॉलेज स्वतः दिलेली शिष्यवृत्ती वजा करते, त्यामुळे विद्यार्थ्यांची संख्या वाढूनही प्रत्यक्ष उत्पन्न घटू शकते. आपल्याच कॉलेजच्या लागोपाठ पाच वर्षांच्या हिशेबांत या दोन ओळी शोधून, कोणते वर्ष का बिघडले ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. हा सराव एखाद्या प्रशिक्षणवर्गाहून अधिक शिकवतो, असे माझे मत आहे. तरीही ज्यांना पद्धतशीर शिक्षण हवे आहे, त्यांच्यासाठी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या उच्च शिक्षणसंस्थांच्या संघटनेचा फेलो कार्यक्रम १९६५ पासून चालू आहे.

निवड समितीला लिहायचे पत्र त्या विशिष्ट कॉलेजचे असावे. नाव बदलून कुठेही पाठवता येईल असे पत्र समितीतील प्राध्यापक लगेच ओळखतात. पहिल्या मुलाखती बहुधा गोपनीय असतात, म्हणून आपल्या संस्थेत कोणाला आणि केव्हा सांगायचे, हे आधीच ठरवावे.

संशोधकाची शिस्त या पदावर कशी उपयोगी पडते, हे ब्राउनमध्ये दिसले. संस्थेचा गुलामगिरीशी असलेला संबंध तपासण्यासाठी सिमन्स यांनी २००३ मध्ये समिती नेमली, जुनी कागदपत्रे अभ्यासली गेली आणि २००६ मध्ये अहवाल जाहीर झाला. अप्रिय प्रश्न दडपण्याऐवजी पुराव्यांपर्यंत नेण्याचे हे धैर्य मुलाखतीतही दाखवता यावे. आपण पूर्वी एखादा वाद असा कसा हाताळला, याचे एक खरे उदाहरण तपशिलासह तयार ठेवावे.

नेमणूक ठरल्यावर करारावर सही करण्यापूर्वी एक कलम नीट पाहावे : अध्यक्षपद सोडल्यानंतर साहित्य विभागात टेन्युअरसह परतण्याचा हक्क, त्या वेळचे वेतन आणि परतण्यापूर्वीची अभ्यासरजा, ही तिन्ही लेखी असावीत.