भेगाळलेल्या टाचांना कोकमतेल, पण वितळवून

तुळशीच्या लग्नानंतर हवा कोरडी झाली की कोकणात टाचा भेगाळतात. आजीच्या फळीवरचा मुठेलाचा, म्हणजे कोकमतेलाचा, गोळा यावर अजूनही उत्तम. मात्र तो तसाच घासला तर भेगेत शिरत नाही. साबणासारखा वरवर बसतो नि निघून जातो.

1. झोपण्यापूर्वी पाय 10 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, वजरीने हलकेच घासा. भेगांतलं पाणीही टिपा, ओल राहिली तर तेल धरत नाही.
2. सुपारीएवढा तुकडा पळीत मंद आचेवर वितळवा. धूर येऊ देऊ नका.
3. सोसेल इतकं कोमट झालं की बोटाने भेगांत भरा. हात भराभर चालवा, लगेच थिजतं.
4. वर सुती मोजे.

मधुमेहाने पाय बधिर असतील तर चटका कळत नाही. तेल आधी मनगटावर लावून बघा. रक्त येत असेल तर डॉक्टरांनाच दाखवा.