खोंडाबरोबर जन्मलेली कालवड ठेवायची की नाही?

कडेगाव-विटा भागात एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायीला जुळं झालं की मला फोन येतो. दोन्ही कालवडी असतील तर पेढे वाटा. पण एक खोंड आणि एक कालवड असेल, तर त्या कालवडीवर पेंड खर्चायच्या आधी तिला तपासा. अशा शंभरातल्या नव्वदहून जास्त वांझ निघतात. दोन वर्षं सांभाळून माजावर आली नाही की मालक म्हणतो, "डॉक्टर, एखादं इंजेक्शन द्या की!" यावर इंजेक्शन नसतं.

ग्रहणाचा दोष नाही की गायीचाही नाही. गाभणपणाच्या दुसऱ्या महिन्यातच दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि रक्त इकडचं तिकडे फिरतं. खोंडाची वृषणं लवकर तयार होतात. त्यांतून एएमएच नावाचं संप्रेरक सुटतं, त्याचं काम खोंडात गर्भाशय होऊ न देणं. रक्तातून ते बहिणीत गेलं की तिथंही तेच करतं: गर्भाशय खुरटतं, अंडाशयही धड बनत नाही. बाहेरून निरण (योनीमुख) मात्र कालवडीचीच, म्हणून फसगत होते. जोडलेल्या रक्तवाहिन्यांतून खोंडाची संप्रेरकं बहिणीत जातात, हा उलगडा फ्रँक लिली या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९१६ साली केला.

तपासणी वासरू एक ते चार आठवड्यांचं असताना करावी. बोटाएवढी जाड, गोल टोकाची नळी उकळून गार करा, वंगण लावा आणि हलक्या हातानं निरणीतून आत सरकवा. चांगल्या कालवडीत ती १२ ते १५ सेंमी जाते, वांझ असेल तर ५ ते ८ सेंमीवरच अडते. अडली की थांबा, जोर लावला तर इजा होते. पहिल्यांदा डॉक्टरांसमोरच करा. निरणीखाली केसांचा लांब झुपका आणि मोठा दाणा (क्लिटोरिस) दिसला तर संशय आणखी वाढतो. तरी शंका राहिली तर रक्ताची गुणसूत्र तपासणी: मादीच्या रक्तात नराच्या पेशी सापडल्या की विषय संपला.

जुळ्यातला खोंड पोटातच लवकर गेला तर कालवड एकटीच जन्मते, तरी वांझ असू शकते. वय झालं तरी माज नाही, अशा कालवडीत हेही तपासून घ्या.

संप्रेरकं मेंदूलाही वळण लावतात. गाभण मेंढ्यांना ३० ते ९० दिवसांच्या काळात टेस्टोस्टेरॉन दिलं, तेव्हा त्यांना झालेली मादी कोकरं पुढं नरासारखी वागू लागली. म्हणून खोंडाच्या जुळ्यातली कालवड दुसरीवर चढली, एवढ्यावरून रेतनाची घाई नको.

शेळीवाल्यांनी मात्र घाबरू नये. तिथं जुळी नेहमीची, पण वारेतल्या रक्तवाहिन्या सहसा जोडल्या जात नाहीत. बोकडाबरोबरची पाट खुशाल ठेवा.