मुंबई ते न्यूअर्क: प्रवासाचे तास मोजताना या चुका टाळा

ताईच्या बाळंतपणासाठी आई-बाबा अमेरिकेत न्यू जर्सीला निघाले तेव्हाची गोष्ट. न्यूअर्क हे तिथलंच विमानतळाचं शहर. मे महिना होता. तिकिटावर १२ तारीख, वेळ ०१:३०. आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर १२ ला लाल गोल केला आणि साताऱ्याहून मुंबईला जायची गाडी ठरवली ती १२ च्या संध्याकाळी. रात्री दीडचं विमान म्हणजे १२ ची रात्र, असं सगळ्यांनी धरलेलं. मी १० तारखेला तिकीट पुन्हा वाचलं म्हणून निभावलं. मध्यरात्रीनंतरचं विमान असेल तर घरातून आदल्या दिवशीच निघायचं. ही तारखेची चूक सर्वांत महाग पडते, म्हणून ती आधी सांगितली.

दुसरी चूक वजाबाकीची. रात्री १:३० ला निघून सकाळी ८ ला उतरणार, म्हणजे साडेसहा तास? नाही. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. न्यूअर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेनऊ तास असतं, हिवाळ्यात साडेदहा. ते मिळवले की खरे सोळा तास निघतात. मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार लक्षात ठेवा. तिथली घड्याळं त्या दिवशी तासभर सरकतात.

तिसरी चूक हुशार माणसं करतात. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, म्हणजे चौदा तास! पण १२,५०० हे पृथ्वीगोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. गोलावर दोरा ताणून पाहा. सपाट नकाशावरची रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका करत जाते. दोरा मात्र पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक असा वर चढून कॅनडात उतरतो. विमानाला हा दोरा जसाच्या तसा मिळत नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. मग वळसा आलाच. शिवाय तिकिटावरच्या तासांत धावपट्टीपर्यंत सरकत जाण्याचा वेळही धरलेला असतो, अर्धा तास सहज.

जाताना सोळा म्हणून येतानाही सोळा धरू नका. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. येताना ते पाठीशी असतात. न्यूअर्कहून दुपारी १२ ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला उतरलात, तर चोवीसमधून साडेनऊ वजा करा: साडेचौदा तास.

‘डायरेक्ट’ लिहिलेलं विमानही वाटेत थांबू शकतं. न थांबणारं हवं असेल तर ‘नॉनस्टॉप’ बघून घ्या.

घरात मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं माणूस असेल, तर डॉक्टरांना फक्त विमानाचे तास सांगू नका, दारापासून दारापर्यंतचे सांगा. आम्ही ११ तारखेला दुपारी ४ ला साताऱ्याहून निघायचं ठरवलं. विमान सुटेपर्यंत साडेनऊ तास, पुढे सोळा, इमिग्रेशन, सामान आणि ताईच्या घरापर्यंत तीन. बाबांच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि जेवणाच्या वेळा या साडेअठ्ठावीस तासांवर लिहून दिल्या, आणि सगळ्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवल्या.