टीम बिल्डिंग करताना या चुका टाळा

लोणावळ्याचं रिसॉर्ट, सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट, सकाळी रस्सीखेच, दुपारी बुफे आणि निघताना बक्षीससमारंभ. सोमवारी मात्र अकाउंट्सचा फोन डिस्पॅचवाले पूर्वीप्रमाणेच टाळतात. मग मालक म्हणतात, पैसे पाण्यात गेले. गेलेच असतात, पण कोणाचं कोणाशी आणि कशावरून अडतंय, हे सहल ठरवताना कोणी विचारलेलंच नसतं.

खात्याविरुद्ध खातं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सेल्स आणि प्रॉडक्शन आधीच एकमेकांवर खार खाऊन असतात, त्यांनाच समोरासमोर उभं करून ट्रॉफी ठेवायची. जिंकणारे महिनाभर टोमणे मारतात, हरणारे ते लक्षात ठेवतात.

मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं. दोन गट केले आणि त्यांच्यात सामने लावले. थोड्याच दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळू लागली, खोल्यांवर धाडी घालू लागली. मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, पण वैर काही निवळलं नाही. बुफेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. फरक पडला तो पाण्याची टाकी बंद पडली तेव्हा आणि जेवण आणणारा ट्रक सुरू होईना तेव्हा. ज्या दोराने रस्सीखेच खेळले, तोच ट्रकला बांधून दोन्ही गटांनी मिळून ओढला. या अडचणी संशोधकांनीच मुद्दाम उभ्या केल्या होत्या. आपल्याकडे तेवढेही कष्ट नकोत, अडचणी आयत्या पडलेल्या असतात.

म्हणून संघ पाडायचेच असतील तर खाती मिसळून पाडा. त्याहून चांगलं म्हणजे गेल्या महिन्यातली खरोखर रखडलेली एक ऑर्डर घ्या. सेल्स, स्टोअर, क्यूसी (मालाचा दर्जा तपासणारे), डिस्पॅच, अकाउंट्स, प्रत्येकी एक माणूस. सगळ्यांनी मिळून त्या ऑर्डरच्या कागदामागे टेबलाटेबलावर फिरायचं आणि ‘हा कागद माझ्याकडे किती वेळ पडून होता आणि मी कशाची वाट बघत होतो’ एवढंच ज्याने त्याने सांगायचं. सेल्सने ग्राहकाला शनिवारी संध्याकाळची गाडी कबूल केलेली असते. दुपारी अकाउंट्स बंद होतं, मालवाहतुकीला लागणारं ई-वे बिल निघत नाही, माल भरलेला असूनही ड्रायव्हर गेटवर चहा पीत बसतो. हे दोन्ही खात्यांनी एकत्र उभं राहून पाहिलं की भांडणाचा सूर बदलतो. दोन तास लागतात, खर्च चहाबिस्किटांचा.

गट लहानच ठेवा. फ्रेंच अभियंता रिंगलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं की, माणसं वाढतात तसा प्रत्येकाचा जोर कमी होतो. पाच-सहा जण पुष्कळ.

रविवारी ठेवणं

‘सक्ती नाही’ म्हणायचं आणि बसमध्ये हजेरीचा कागद फिरवायचा. आठवड्याची एकच सुट्टी, त्यात नाईट करून आलेला माणूस, घरी लहान मूल असलेली बाई. एकोपा राहिला बाजूला, चिडचिड तेवढी वाढते. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत करा. रविवारच लागत असेल तर बदली सुट्टीची तारीख आधी लेखी द्या.

सगळ्यांना एकच खेळ

डोळे मिटून सहकाऱ्याच्या हातांवर मागे पडायचं, हा खेळ आपल्याकडे बऱ्याच बायकांना नकोसा वाटतो आणि तोंडावर कोणी बोलत नाही. कोणाची कंबर धरलेली, कोणाला बीपी, कोणाला पाण्याची धास्ती. कोलाडला राफ्टिंगला नेण्याआधी नावं मागवा, पण ‘येत नाही’ म्हणणाऱ्याला सर्वांसमोर कारण विचारू नका. आणि श्रावणात बेत असेल तर उपवासाचं काय, ते केटररला आधी सांगा.

साहेब परीक्षक

साहेब खुर्ची टाकून मार्क देत बसले की सगळे एका सुरात ‘छान चाललंय सर’ म्हणतात. त्यांनी एखाद्या ज्युनिअरच्या हाताखाली खेळावं. अडचणी मांडायच्या वेळी मात्र चक्क बाहेर जावं.

आधीच बिनसलं असेल तर

दुसरी सहल काढू नका. ज्यांचं वाजलंय त्यांना वेगवेगळं भेटा, एकेक नेमकी अडचण विचारा आणि आठवड्याच्या आत त्यातली एक सोडवा, भले ती शनिवारी अकाउंट्सचा एक माणूस सहापर्यंत थांबवण्याइतकी छोटी असो. माणसंच कमी आहेत, ओव्हरटाईम थकलाय किंवा सुपरवायझर शिवीगाळ करतो, अशी तक्रार निघाली तर कुठलाही खेळ उपयोगाचा नाही. तिथे भरती करा, पैसे द्या, त्या सुपरवायझरला आवरा.

उपयोग झाला का, हे फीडबॅक फॉर्मवरून ठरवू नका, त्यात सगळे पाचपैकी पाच देतात. महिन्याभराने गेटवरचं रजिस्टर मागवा आणि भरलेल्या गाड्या किती वेळ उभ्या राहिल्या ते आधीच्या महिन्याशी ताडून बघा.