उद्योजकता प्रशिक्षणातून धंदे उभे राहिले का, ते कसे मोजावे

समारोपाला भरून घेतलेले अभिप्राय अर्ज बाजूला ठेवा. जेवण आणि शिक्षक आवडले का, एवढेच त्यातून कळते. उदाहरणादाखल आरसेटीचा (बँका चालवतात त्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा) १० दिवसांचा शेळीपालन वर्ग घेऊ.

वर्ग सुरू होण्याआधीच प्रत्येकाची नोंद करा: धंदा आहे का, शेळ्या किती, कर्ज किती, मजुरी किती मिळते. नंतर आठवणीवर विसंबलात, तर आजच्या परिस्थितीचा रंग जुन्या आकड्यांना चढतो.

तुलनेला कोण घ्यायचे, हा खरा पेच. वर्गाला येणारा मुळातच धडपड्या असतो. त्याच्याशेजारी गावातला कुणीही उभा केला, तर प्रशिक्षणाला फुकटचे श्रेय मिळते. जागा ३५ आणि पात्र अर्ज ७० असतील तर चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी न निघालेले ३५ जण हा तुलनेचा गट. मात्र एका तुकडीवरून निष्कर्ष काढू नका. स्वतःचा धंदा असणाऱ्यांचे प्रमाण ४० वरून ५५ टक्क्यांवर गेले, हे खात्रीने सांगायला दोन्ही बाजूंना सुमारे १७० माणसे लागतात. गळती धरून २००, म्हणजे सहा तुकड्या.

आता छेद, म्हणजे टक्केवारी किती जणांवर काढायची. ३५ जणांनी नाव घातले, फोनवर २५ सापडले, १५ जणांचा धंदा चालू आहे. अहवालात ६० टक्के छापून येते. खरे तर ४३ टक्केच पक्के. न सापडलेल्यांत धंदा बंद करून शहर गाठलेले बरेच असतात, म्हणून त्यांच्या घरी जा.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) किंवा कर्जमंजुरी म्हणजे धंदा नव्हे. गोठ्यात जाऊन शेळ्या मोजा, लसीकरण आणि विक्रीच्या नोंदी पाहा. शिकवणाऱ्यालाच पाहणीला पाठवू नका. त्याच्या तोंडावर कोण नाही म्हणेल? नफा सरळ विचारा: "गेल्या महिन्यात चारा, औषध, मजुरी जाऊन हातात किती उरले?" श्रीलंकेतल्या छोट्या व्यावसायिकांवरील अभ्यासात उत्पन्न-खर्चाच्या लांबलचक प्रश्नावलीपेक्षा असा एकच प्रश्न अधिक भरवशाचा ठरला.

सहाव्या महिन्यात शेळीवाल्याला नापास करू नका. गाभणकाळ पाच महिन्यांचा, करडू विकण्याजोगे व्हायला पुढे आठ-दहा महिने. आरसेटीचा पाठपुरावा दोन वर्षांचा असतो; नफ्याचा हिशेब त्याच्या शेवटी मांडा. दोन्ही गटांना एकाच आठवड्यात विचारा. बकरी ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते; एका गटाला ईदेआधी आणि दुसऱ्याला नंतर विचारले, तर फरक प्रशिक्षणाचा नसून बाजाराचा असेल.